विभावरीचं तिसरं कडवं

...तर काल तबकडी संपली तिथं थांबलो होतो. म्हणजे बघा, 'कोण गं दारी आले' हे पद मूळ नाटकात तीन कडव्यांचं. पहिल्यात राजकन्या विचारते, कोण आलं. दुसऱ्यात पाहुण्याला बसायला पाट देते. तिसऱ्यात सांगते, आलास त्याच वाटेनं परत जा, मला तू नकोस. शंभरेक वर्षांपूर्वी त्याची तबकडी निघाली, पण तबकडीत मावणार तीन मिनिटं. दोन कडवी झाली, गाणाऱ्यानं तेव्हाच्या रिवाजानं घाईघाईत आपलं नाव सांगितलं, आणि सुई गेली खरखरत. पुढं नाटक कंपनी बुडाली, तबकडी तेवढी राहिली. आमच्या गावात वरात दारात आली की हमखास तीच लावायचे. एका लग्नात ती इतकी वाजवली की सुई झिजून राजकन्येचा बोकड झाला. ते असो.

सांगत होतो विभावरीचं. इथं ऑकलंडात, न्यू लिनला फार्मसिस्ट आहे. तिचे पणजोबा त्या कंपनीत लुगडं नेसून राजकन्येचं काम करायचे. त्यांनी तिसरं कडवं आजीला शिकवलं, आजीनं हिला. आता ते येणारी ही एकटीच. एकदा तरी भरल्या हॉलमध्ये पद पुरं गायचं, एवढीच तिची इच्छा. पण जमेल तर शपथ!

पहिल्या वर्षी इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीत दुसरं कडवं सरलं आणि तबल्यावरच्या शुभंकरनं तिहाई घेऊन पद मिटवूनच टाकलं. त्याच्या घरी सगळे तिथंच संपवत आलेले, पोराचा काय दोष. दुसऱ्या वर्षी तिनं त्याला आधी बसवून शिकवलं, तर लोकांनीच उभं राहून टाळ्या धरल्या. थांबा म्हणून तिनं हात वर केला. लोकांना वाटलं, आभार मानतेय. टाळ्या आणखी वाढल्या.

यंदा तिनं निवेदन करणाऱ्या श्रीनाथला आधीच बजावलं होतं. कडवी तीन आहेत, तिसऱ्यात ती त्याला हाकलून देते, मध्ये बोलू नका. श्रीनाथनं मान डोलावली. मान फार छान डोलावतो तो. आणि दुसरं कडवं होताच माईक घेऊन बटाटेवडे गरम असल्याचं जाहीर केलं.

खुर्च्या सरकल्या. समोर उरलो मी, कारण माझी काठी सापडेना. तरी विभावरीनं तिसरं कडवं उचललंच. पहिली ओळ होते न होते तोच मागून कुणीतरी विचारलं, साउंड चेक चाललाय का. तिनं पेटीचा भाता लावून टाकला.

मी चहा नेऊन दिला. म्हटलं, घे, निवेल. तिनं कप उचलला नाही. तेवढ्यात हातात वड्याची बशी घेऊन श्रीनाथ आला, एकदम खुशीत.

"विभावरीताई, स्वीट ॲज! एकदम झकास! पुढच्या महिन्यात आमच्या इरावतीचा साखरपुडा आहे. ओटाहुहूला हॉल घेतलाय. मुलाकडची मंडळी दारात आली की तुमचं हेच पद हवं. गाल ना?"

विभावरीनं आधी त्याच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. कप उचलला, एक घोट घेतला आणि अगदी गोड आवाजात म्हणाली:

"गाईन की, श्रीनाथभाऊ. पहिली दोन कडवी सगळ्यांना पाठच आहेत, तेव्हा मी तिसऱ्यापासून सुरू करते."