पालखीपुढची सुपारी

लग्न होऊन गुहागरला आले तेव्हा आमच्या पोफळीच्या वाडीत पहाटेपासून रहाट करकरत असे. मामंजींचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, सगळा जीव त्या वाडीत. पावसाळा सोडला तर पाणी रोज द्यायचं. एक उन्हाळा चुकला की पोफळ गेलीच. सुपारी नुसती कानाशी खुळखुळवून ती आतून कशी आहे ते मामंजी सांगत. त्याचा त्यांना गर्व होता, आणि मला तो आवडायचा.

मग सिंगापूरची सुपारी बोटी भरभरून मुंबईला उतरू लागली. आमची पोती व्यापाऱ्याने परत पाठवली. ती माळ्यावर पडून किडली. आमचे हे मुंबईला सुपारीच्याच वखारीत. तीच परदेशी पोती उतरवून घ्यायची, हे त्यांचं काम. बाप इथे रहाट हाकतोय आणि मुलगा तिथे पोती उतरवतोय, याचा मला भारी संताप यायचा. पण पोटापाण्याला दुसरं होतं काय?

शिमग्याला आले तेव्हा त्यांनी वडिलांना दाखवायला त्यातल्या मूठभर सुपाऱ्या आणल्या. मामंजींनी हातसुद्धा लावला नाही. टाकायच्या कशाला, म्हणून मीच त्या घरच्या सुपारीच्या डब्यात ओतल्या.

पालखी दारात आली. तिच्यापुढच्या विड्यावर दर वर्षी आमच्या वाडीची सुपारी असे. ढोल वाजत होते, माझी धांदल उडालेली. डब्यातली सर्वांत मोठी, गुळगुळीत सुपारी उचलून मी विड्यावर ठेवली. नमस्काराला वाकताना मामंजींची नजर तिच्यावर गेली. मलाही तेव्हाच कळलं. काढायला हात पुढे केला, तर त्यांनी खुणेनेच राहू दे म्हटलं.

पालखी गेल्यावर मी रडत त्यांच्या पाया पडले. ते रागावले असते तर बरं वाटलं असतं.

"देवापुढे बरी दिसावी म्हणून तीच उचललीस ना गो?" ते म्हणाले. "मग गिऱ्हाइकांचं काय चुकलं?"

दुसऱ्या दिवशी रहाट वाजला नाही. हे बैल जुंपायला निघाले, तर मामंजींनी त्यांच्या हातातला कासरा काढून घेतला. आठवड्याने हे बोटीने मुंबईला गेले.

वैशाखात पोफळींनी माना टाकल्या. विहिरीजवळच्या चार पोफळींना मी कळशीने पाणी घालत राहिले. मामंजी ओटीवरून बघत असत. अडवलं नाही, एकदा फक्त म्हणाले, हात दुखतील तुझे.

चारही वाळल्या.