तुरीच्या वावरातलं अमेरिकेचं घर

माझ्या चुलतसासऱ्यांइतकी अमेरिका कोणालाच कळलेली नाही, तिथल्या अध्यक्षालाही नाही, हे मी भिंगारच्या भर बाजारात ओरडून सांगायला तयार आहे. ते स्वतः अमेरिकेला कधी गेलेले नाहीत, हा किरकोळ मुद्दा. त्यांची अमेरिका आहेही लहानशीच: त्यांची मुलगी आणि डॉक्टर जावई राहत होते ते मक्याच्या शेतांमधलं एक खेडं, भोवतालचं शिवार धरून. बाकीच्या अमेरिकेबद्दल विचारलं तर म्हणतात, "ते आपल्या रूटवर न्हाई." सगळी नोकरी त्यांनी नगर-पाथर्डी रस्त्यावर एसटीत कंडक्टर म्हणून केली. जगात जे काही आहे ते कुठल्या तरी थांब्याजवळ असतं, अशी त्यांची पक्की श्रद्धा.

त्या खेड्याचा इतिहास ते घरचा असल्यासारखा सांगतात. "आमच्याकडं आधी नुसतं रान. मग गाड्या जोडून माणसं आली, त्यांनी लाकडाची गिरणी घातली. रेल्वे आली. आली तशी गेलीबी." हे 'गेलीबी' म्हणताना चेहरा असा पडतो, की शेवटच्या गाडीला घंटी यांनीच दिली असावी. लोकसंख्येच्या बाबतीत तर ते फारच कडक. तिथं वेशीवर गावाचं नाव आणि खाली माणसांचा आकडा लिहिलेली पाटी असते. नातू झाला तेव्हा आम्ही इकडे त्यांच्या गावी, तिसगावात, पेढे वाटत होतो आणि हे फोनवर मुलीला विचारत होते, "पाटी बदलली का?" नाही म्हटल्यावर भडकले. "एक शीट वाढलंय! तिकडं चेकिंगला कुणी येत न्हाई काय?"

"एकदा जाऊन का येत नाही?" असं मी विचारायचो. "जावईबापू, जी गाडी घंटी मारून थांबत न्हाई, तिच्यात मी बसायचा न्हाई." खरं तर हृदयाच्या दुखण्यामुळे डॉक्टरांनीच विमान बंद केलं होतं, पण ते त्यांच्या तोंडून कधी निघालं नाही. मुलीचं घर बघायचंच, हा हट्टही सुटला नाही. मोबाईलवरचा त्या खेड्याचा नकाशा त्यांनी सरळ तिसगावच्या शिवारावर अंथरला. तिथलं चर्च आपल्या एसटी स्टँडवर आलं, तिथली नदी आपल्या ओढ्यावर आणि दफनभूमी एका पोल्ट्रीवर. मग चर्चपासून पायी निघाले, तर मुलीचं घर एका मावशींच्या तुरीच्या वावरात लागलं.

"ओ कंडक्टर, लेक अमेरिकेत आन् तुमी माझ्या तुरीत काय हुडकताय?"

"तिचंच घर."

"मग, घावलं का?"

"तुमी त्याच्यावरच उभ्या हाय."

मावशी चटकन बाजूला सरकल्या. तेव्हापासून दर रविवारी हे मुलीकडे जाऊ लागले, पण बांधावरच बसायचे. आतल्या खोल्या कशा आहेत ते माहीत नव्हतं ना! व्हिडिओवर घर दिसायचं, पण त्यांचं समाधान होत नसे. "फोनवर नुसते थांबे दिसत्यात. रस्ता दिसत न्हाई."

आणि मग बातमी आली. जावयाला मोठ्या शहरात नोकरी लागली, घर विकायला काढलं. सामान हलवण्याआधी मुलगी पंधरवड्यासाठी इकडे आली, तर यांनी तिला दुसऱ्याच दिवशी वावरात नेलं. मागोमाग मी होतोच, तमाशा चुकवणारा मी नव्हे. तूर काढून झाली होती आणि मावशी कमरेवर हात ठेवून बांधावर उभ्या होत्या.

"दादा, लोक बघतायत," मुलगी कुजबुजली.

"बघू दे. मी बघितल्याबिगर घर विकायचं न्हाई. चल, दाखव."

ती आधी हसली. मग त्यांच्या चेहऱ्याकडे बघून तिनं चपला काढल्या. "हे दार. या, दादा." यांनीही चपला काढल्या आणि उंबरा ओलांडावा तसा पाय उचलून आत गेले. "हा ओटा. खिडकी ओढ्याच्या बाजूला."

"नदीच्या," यांनी दुरुस्ती केली.

"हो, नदीच्या. हा जिना, वर बाळाची खोली." हे मान वर करून भर उन्हात आभाळाकडे बघत राहिले. "लई उभा हाय जिना. पोरगं पडंल." मावशींनीही वर पाहिलं. खोटं कशाला बोलू, मीही पाहिलं. मग मुलगी चार पावलं पुढे गेली आणि जरा थांबून म्हणाली, "आणि ही खालची खोली तुमची, दादा. तुम्हाला जिना नको म्हणून ठेवली होती. कपाटसुद्धा रिकामंच आहे."

भरल्या गाडीत कोणाचं न ऐकणारा हा माणूस मुलीनं दाखवलेल्या जागी गेला. सावकाश खाली बसला आणि ढेकळांत ऐसपैस मांडी घातली. कोणीही त्यांना लवकर उठा म्हणालं नाही.

घर आता विकलं गेलं आहे. गेल्या रविवारी मी त्यांच्याबरोबर गेलो, तर तुरी पुन्हा गुडघ्याला लागल्या होत्या. "या की कंडक्टर, आत या," मावशी म्हणाल्या.

"न्हाई मावशी. आता दुसरी माणसं ऱ्हात्यात. न विचारता कसं जायचं?"

बांधावरूनच त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग हळूच मला विचारलं, "जावईबापू, नव्या लोकांत कुणी म्हातारं माणूस असंल का?"

"असेल की."

"असू दे," ते म्हणाले, आणि आम्ही दोघं चर्चच्या थांब्याकडे चालू लागलो.