चॅनेलखाली गेलेलं तिकीट

माझं काम विचाराल तर कठडे ढकलणं. हसू नका, त्याचा पगार मिळतो. हल्ली बाल्कन्यांना काचेचे कठडे लावतात ना, त्या काचा खाली ॲल्युमिनियमच्या लांब, जाड चॅनेलमध्ये, म्हणजे जमिनीला बोल्टने आवळलेल्या खोबणीच्या पट्टीत, उभ्या असतात. ते चॅनेल माणसांच्या रेट्याला टिकतं का, हे आम्ही तपासणी केंद्रात बघतो. काचेच्या वरच्या कडेला जॅकने जोर लावायचा, नियमावलीत सांगितलाय तेवढा, मग त्याच्या दीडपट, आणि काच किती मिलिमीटर झुकली ते मोजायचं. बावीस वर्षं मी हेच करतोय. घरात मला ‘ढकलराव’ म्हणतात. नाव बायकोने ठेवलंय, कारण हॉटेल असो की दवाखाना, कठडा दिसला की माझा तळहात गेलाच. “अहो, लोक बघतायत,” असं म्हणून ती दोन पावलं लांब जाऊन उभी राहते.

एक गोष्ट मात्र मी कामावर कुणाला कळू दिलेली नाही. मला उंचीची भीती वाटते. दुसऱ्या मजल्यावरून खाली पाहिलं तरी मी मागे सरकतो. आमचं केंद्र तळमजल्यावर आहे, म्हणून निभावलं. लहानपणी ताई गच्चीच्या कट्ट्यावर बसून मजेत पाय हलवायची आणि मी जिन्याच्या दाराला धरून भोकाड पसरायचो. गावभरच्या कठड्यांना पास-नापास करणारा माणूस तो हा!

तर ताईने सहाव्या मजल्यावर घर घेतलं. आई तिच्याकडेच राहते. बाल्कनीला काचेचा कठडा, त्याचं चॅनेल आमच्या केंद्रात तपासलेलं आणि अहवालावर सही कुणाची, तर माझी. मग काय विचारता! मी फोनवर आईला ऐकवलं, “बिनधास्त धर तो कठडा. हत्ती टेकला तरी ढिम्म हलणार नाही.” आईचे गुडघे कामातून गेलेत. तिने माझं म्हणणं मनावर घेतलं. रोज दुपारी बाल्कनीत खुर्ची टाकून बसायची आणि उठताना कठड्याची कड धरून उठायची.

एका रविवारी मी आणि बायको तिकडे गेलो. चहा बाल्कनीतच आला. ऊन लागतंय असं सांगून मी भिंतीला पाठ लावून बसलो होतो. माझा चहा संपला आणि सवयीने हात पुढे गेला. ढकललं, तर तळहाताला काहीतरी भलतंच जाणवलं. काच झुकते ती वर झुकते, इथे हालचाल खालून येत होती. मी गुडघ्यांवर बसलो. एका हाताने काच रेटली आणि दुसऱ्या हाताने खिशातलं बसचं तिकीट चॅनेलच्या कडेखाली सरकवलं. अर्धं आत गेलं. काच सोडली, तर तिकीट तिथेच घट्ट अडकलं. म्हणजे प्रत्येक धक्क्याला चॅनेल जमिनीवरून उचललं जात होतं.

तेवढ्यात आईने उठायला म्हणून कठड्याला हात घातला.

“आई! हात काढ!” मी असा किंचाळलो की दाजींचा चहा त्यांच्या पँटवर सांडला.

“झुरळ आहे का रे?” आईने विचारलं.

झुरळ परवडलं असतं. मी तिला धरून आत नेलं, दार लावलं, आणि दाजी “अहो, तुमचीच सही आहे ना यावर?” म्हणाले तेव्हा त्यांच्या पँटसाठी फडकं शोधायला स्वयंपाकघरात पळालो.

चूक शोधायला लांब जावं लागलं नाही. आमच्या केंद्रात एक जाडजूड लोखंडी पाया आहे. बावीस वर्षं प्रत्येक चॅनेल आम्ही त्याच्यावर बोल्टने आवळतो. तो कशाला हलतोय! इमारतीत मात्र आधी लाद्या बसवल्या होत्या आणि चॅनेल लादीवर. बोल्ट आमच्या चाचणीत होते तेवढ्याच लांबीचे, त्यामुळे ते लादी आणि तिच्याखालचा सिमेंट-वाळूचा थर यांतच संपले, स्लॅबपर्यंत पोचलेच नाहीत. मी चॅनेल तपासलं आणि आई लादीच्या भरवशावर उठत होती. अहवालाच्या चौथ्या पानावर ‘नमुना लोखंडी पायावर बसवून तपासला’ असं मीच लिहिलंय. शेवटच्या पानावर ‘पास’. ते चौथं पान कुणीच वाचत नाही, आणि त्या ‘कुणीच’मध्ये मीही आलो.

सोमवारी साहेबांसमोर उभा राहिलो. ते म्हणाले, “अहवालात एक अक्षर खोटं नाही. बसवणाऱ्यांची चूक आहे, त्यांना कळवू.”

“साहेब, बोल्ट कशात जाणार, हे मी विचारायला हवं होतं. माझी आई तो कठडा धरून उठते.”

“बावीस वर्षांत तुझी एकही सही मागे घ्यावी लागलेली नाही.”

“म्हणूनच तर एवढा माजलो होतो.”

साहेबांनी इमारतीत फोन करून सगळ्या बाल्कन्या बंद करायला लावल्या. आम्ही केंद्रात छोटा स्लॅब ओतला, वर लादी बसवली, तेच बोल्ट मारले. निम्मा भारसुद्धा चढला नव्हता तोच लादी उपटून निघाली. एरवी काही तुटलं की मला लहान मुलासारखा आनंद होतो. त्या दिवशी मी तिथेच स्टुलावर बसून राहिलो. मग अहवाल मागे घेतल्याच्या पत्रावर सही केली.

दोन महिने लागले. लाद्या कापल्या, लांब बोल्ट थेट स्लॅबमध्ये गेले. या वेळी मी जॅक घेऊन इमारतीतच गेलो आणि एकेक बाल्कनी तपासली. नजर मोजपट्टीवर, बाहेर नाही. ताईचा कठडा पूर्ण भाराला टिकला. मी ऐटीत हाक मारली, “आई, ये आता!”

आई दारातच थांबली. दोन महिने ती खिडकीतूनच बाहेर बघत होती. म्हणाली, “यंत्राचं राहू दे. तू टेक.”

“मी?”

“सही तुझीच ना?”

“आई, हा गच्चीवर कसा रडायचा, विसरलीस का?” ताई म्हणाली.

“म्हणूनच सांगतेय.”

आता शेपूट कुठे घालणार? मी डोळे गच्च मिटले, दोन पावलं पुढे गेलो आणि छाती काचेच्या कडेवर टेकवली. सगळं वजन टाकलं. काच जागची हलली नाही. मग पाठीमागून कुणीतरी माझा शर्ट ओढला.

डोळे उघडले, मान वळवली. आई कशीबशी चालत येऊन माझ्यामागे उभी होती, माझा शर्ट मुठीत आवळून.

“आई, पक्का आहे गं. सोड.”

“असू दे,” ती म्हणाली.

शर्ट तिने सोडला नाही. पण तिचा दुसरा हात कठड्यावर होता.