रब्बी अजून बोटीतच आहे

“थांबा, रब्बी अजून बोटीतच आहे!” एअरपोर्टची बस आली की काका असं ओरडत आणि गोष्ट तशीच अर्धी ठेवून बसमध्ये चढत.

लंडनमधल्या हाउन्सलोत काका आणि मी शेजारी, आणि विमानातलं जेवण भरायच्या किचनमध्ये एकाच शिफ्टला. काका बेने इस्रायल, म्हणजे आपले मराठी ज्यू, मूळ अलिबागकडचे. “आम्ही शनिवार तेली. शनिवार आमचा विश्रांतीचा वार, तेलाचा घाणा बंद!” हे ते इंग्रज सुपरवायझरलाही मराठीतच ऐकवत.

त्यांच्या गोष्टीतला रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, तीनशे वर्षांपूर्वीचा. अ‍ॅमस्टरडॅमचा मोठा विद्वान, स्वतःचा छापखाना चालवणारा. इंग्लंडने ज्यूंना कधीकाळी हाकलून दिलेलं. त्यांना परत येऊ द्या, हे सांगायला तो समुद्र ओलांडून लंडनला आला. काका त्याच्यावर मराठीत कीर्तन करत. त्यांच्या समाजात कीर्तनाची जुनी रीत. पेटी माझ्याकडे असे.

ऐंशीच्या दशकात एका सणाला त्यांच्या समाजाच्या कमिटीने ठरवलं, यंदा कीर्तन नको, डिस्को. मुलांना मराठी कुठे कळतं?

“जेवणाआधी उभा राहतो,” काका मला म्हणाले. “कोणी ऐकलं नाही तर फेटा कायमचा उतरवतो.”

उभे राहिले. रब्बीने राज्यकर्त्यापुढे अर्ज केला, व्यापाऱ्यांनी विरोध केला, निकाल काही लागेना. तशात त्याचा तरुण मुलगा लंडनमध्येच वारला. त्याचा देह घेऊन रब्बी परत निघाला आणि थोड्याच दिवसांत स्वतःही गेला. म्हाताऱ्या बायका डोळे पुसू लागल्या.

डिस्कोच्या मशीनपाशी बसलेला एक तरुण उठला. “बट काका, मग परवानगी मिळाला की नाही?”

काकांनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. “तुझा जन्म कुठला रे?”

“इथला. हाउन्सलो.”

“मग? मिळाला की!”

हॉलमध्ये हशा उसळला. शेवटच्या पदाला पोरांनीच टाळ्या धरल्या. नंतर डिस्कोही झाला. सगळ्यांत पुढे काका, फेट्यासकट.

एकोणीसशे नव्वदनंतर लेक त्यांना ग्लासगोला घेऊन गेली. निघताना गाडीच्या खिडकीतून त्यांनी समोरच्या घरातल्या इंग्रज बाईंना हाक मारली, “चहाला या हं ग्लासगोला!” बाईंनी काहीही न कळता जोरात मान हलवली.

मी ग्लासगोला गेले ती त्यांच्या दफनालाच. काळा कोट घालून त्या बाई माझ्याआधी येऊन उभ्या होत्या. म्हणाल्या, चहाला तर त्या दर उन्हाळ्यात येत होत्या.