तिसऱ्या मजल्यावरचा गळ

इनामदार सरांची आणि माझी ओळख झाली तेव्हा मी गळाला लागलेलो होतो. यात अलंकार वगैरे काही नाही. कर्वेनगरातल्या त्या सोसायटीत राहायला येऊन मला जेमतेम आठवडा झाला होता. सकाळी पार्किंगमधून मोठ्या रुबाबात निघालो होतो, तेवढ्यात मागून कुणीतरी माझ्या जर्किनची टोपी धरली. वळून पाहतो तर मागे चिटपाखरू नाही. मग वरून आवाज आला.

"हलू नका! ओढलंत तर दोर तुटेल, आणि दोर तुमच्यापेक्षा महाग आहे."

तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत पांढऱ्या दाढीचे, जाड भिंगांचा चष्मा घातलेले एक गृहस्थ उभे होते. त्यांच्या हातात मासे पकडायचा रॉड होता, आणि रॉडच्या टोकापासून माझ्या मानेपर्यंत एक बारीक दोर आला होता.

"अहो, मी माणूस आहे!" मी ओरडलो.

"दिसतंय ते. म्हणून तर परत सोडतोय. हात मागे घाला, गळ काढा आणि त्या पिशवीच्या बंदात अडकवा. कोथिंबीर ताटकळलीये."

शेजारी भाजीवाला पिशवी धरून खदखदत होता. टोक घासून बोथट केलेला तो गळ मी मुकाट्याने पिशवीला अडकवला. दोर गुंडाळणारं रील कुरकुरलं, रॉड वाकला आणि कोथिंबीर डौलात वर गेली. वरून एक तृप्त हाक आली, "शमीम, लागली बरं का! चांगली ताजी आहे!"

पुण्यात वरच्या मजल्यावरून दोरीने पिशवी सोडणारे पुष्कळ सापडतील. पण सर पिशवी सोडत नसत, ते वस्तू पकडत. पेपर पकडत, औषधं पकडत, एकदा तर कुरिअरवाल्याकडून पार्सल पकडून त्यांनी सही करायचा कागद परत खाली सोडला होता. शमीमभाभी मला म्हणाल्या, "मी धडधाकट आहे, खाली जाऊन आणू शकते. पण आणते म्हटलं की हे विचारतात, मग मी काय पकडू?"

कारण सर त्या तिसऱ्या मजल्यावर अडकले होते. बिल्डिंगला लिफ्ट नाही. उभी हयात शाळेत भूगोल शिकवला, आणि प्रत्येक रविवारी एखादं तळं किंवा नदी गाठून गळ टाकला. मग हृदय कुरकुरायला लागलं. डॉक्टर म्हणाले, जिना उतरायला हरकत नाही, चढायचा मात्र नाही. सरांनी या वाक्याचा त्यांच्या पद्धतीने अर्थ लावला. "म्हणजे माझ्या खात्यात एक उतरणं शिल्लक आहे," ते म्हणायचे. "ते मी इस्पितळासाठी खर्च करणार नाही."

त्यांची मुलगी, नसरीन, साताऱ्याला तळमजल्याच्या घरात राहायची आणि 'अब्बा, इकडे या' म्हणून महिन्यामागून महिने फोन करायची. सर म्हणायचे, "लिफ्ट होईल इथे. मग जाईन आणि परतही येईन. नुसतं जायचं म्हणजे ती बदली झाली, सहल नाही."

सरांच्या गळाला लागल्यावर मलाही मासेमारीचा नाद लागला. बायकोच्या नजरेत न खुपेल इतक्या किमतीचा एकच रॉड आणि एकच रील घ्यायचं मी ठरवलं, आणि सल्ला मागायला वर गेलो. तिथे माझी अर्ध्या वर्षाची कैद सुरू झाली.

"कुठला मासा?" सरांनी विचारलं.

"सगळेच."

"सगळेच म्हणजे कुणीच नाही. बसा."

मी बसलो. दर रविवारी बसलो. चहा यायचा, दार लावलं जायचं आणि तास सुरू व्हायचा. रोहू तळाशी हुंगत हुंगत खातो, सभ्य आहे, त्याच्यासाठी पिठाची गोळी लांब टाकता आली पाहिजे. कटला अंगाने भारी, त्याला घाई करायची नाही. मरळ पाणवनस्पतीत दबा धरून बसते आणि दरोडा घालते, तिला झुडपाबाहेर खेचायला दम लागतो. चिलापी चोरटी, आमिष कुरतडते आणि आपण जांभई देत बसतो. "आता मला सांगा," सर डोळे बारीक करून विचारायचे, "दरोडेखोर आणि पाकीटमार एकाच हवालदाराने पकडायचे असतील, तर हवालदार कसा पाहिजे?"

"हुशार?"

"टोकाला नम्र आणि बुडाशी हट्टी! बसा."

मी उभा नव्हतोच.

बुधवार पेठेतल्या एका बोळात पहिल्या मजल्यावर गळ, दोर आणि रॉडचं दुकान आहे. सरांनी मला तिथे पाठवलं आणि व्हिडिओ कॉलवर स्वतः हजर झाले. दुकानदाराला मी म्हटलं, एकाच रॉडने सगळे मासे पकडायचेत. तो म्हणाला, "मग जाळंच घ्या की."

त्यानंतर मी फोन एका हातात आणि रॉड दुसऱ्या हातात घेऊन त्या टीचभर दुकानात जे नाचलो, त्याचं तिकीट लावायला हवं होतं. सर सांगत होते, टोक छताला टेकवा, आता वाकवा, कुठून वाकतो ते दाखवा. पहिला रॉड टोकापासून मुठीपर्यंत सबंध वाकला. "हा शेपू आहे, ठेवा." दुसरा वाकलाच नाही. "हा पडद्याचा गज आहे, ठेवा." मग रीलची पाळी. दुकानदार बेअरिंगांचा आकडा सांगायला लागला तसे सर फोनमधून कडाडले, "बेअरिंग मोजू नका हो! दोर आवळणारी चावी सैल करा आणि दोर हाताने ओढा. अडखळत सुटतो की सरळ सुटतो? मोठा मासा ओढायचा नसतो, त्याला पळू द्यायचं असतं. दोर नीट सोडणारं रील पाहिजे, गुंडाळतात सगळीच." तिसरा रॉड नापास, चौथं रील नापास. शेवटी दुकानदार फोनकडे वाकून म्हणाला, "आजोबा, तुम्ही स्वतःच का येत नाही?"

फोनच्या पडद्यावर सरांनी चष्मा काढून पुसला. मग सर म्हणाले, "जिना फार आहे तुमच्याकडे," आणि फोन बंद झाला.

मी हात हलवत परत आलो. सर गॅलरीत उभे होते. त्यांनी स्वतःचा रॉड माझ्या हातात दिला. खाली भाजीवाला पिशवी भरत होता. त्याने आत लिंबू टाकलं, ते माझ्या बोटांना कळलं. मग मिरच्या पडल्या, त्याही कळल्या. मग भोपळा ठेवला आणि रॉडने बुडाशी असा काही जोर धरला की भोपळा निमूट वर आला. टोकाला नम्र, बुडाशी हट्टी. इतके दिवस हा रॉड माझ्या नाकासमोर कोथिंबीर ओढत होता!

"सर, हाच तर तो! मला हाच द्या की, तुम्ही नवीन घ्या."

त्यांनी तो माझ्या हातातून अलगद काढून घेतला. "हा देता यायचा नाही," ते म्हणाले. "हा माझा जिना आहे."

त्यानंतर लिफ्टसाठी सोसायटीची सभा भरली, पार्किंगमध्ये. सर वरून हजर होते, गॅलरीच्या कठड्यावर कोपरं टेकवून. तळमजल्यावरचे साठे उठले. "आम्हाला लिफ्टचा काडीचा उपयोग नाही. आम्ही वर्गणी का द्यायची?"

"साठे," वरून आवाज आला, "स्वर्गातही तळमजलाच मागणार का?"

सगळे हसले, साठेसुद्धा. मग मत घेतलं आणि लिफ्ट पडली. हसणाऱ्यांतल्या निम्म्यांनी विरोधात हात वर केला होता. मी मान उचलून पाहिलं. सर रिकामा गळ हळूहळू वर गुंडाळत होते.

पुढच्या रविवारी ते मला बसा म्हणाले नाहीत. उभ्या उभ्याच निकाल दिला. "सात फुटी, दोन तुकड्यांचा, मध्यम ताकदीचा. रिक्षात मावतो, रोहूला पुरतो, मरळीला घाबरत नाही. रील मधल्या आकाराचं, उघड्या तोंडाचं, म्हणजे दोर अडखळत नाही. रंग बघू नका. दुकानदार जे सगळ्यात शेवटी, नाराजीने दाखवेल, ते घ्या."

तसंच झालं. दुकानदाराने धूळ झटकत, नाराजीने दाखवलं आणि मी घेतलं. सरांनी गॅलरीतून त्या रॉडने दुधीभोपळा उचलून पाहिला आणि मान डोलावली. "पास. आता दोन झाले, एक तुमचा आणि एक माझा. परवाना काढा. रविवारी धरणावर जाऊ."

"सर, पण परत चढणार कसे?"

"चढायचंय कुणाला? नसरीन तिकडेच गाडी घेऊन येतेय, तिथून थेट सातारा."

शमीमभाभी आतल्या खोलीत ट्रंक भरत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

रविवारी सर रॉडची पिशवी काखेत मारून निघाले. एका हाताने कठडा आणि दुसऱ्याने माझा खांदा धरून एकेक पायरी उतरत होते. प्रत्येक मजल्यावर दारं उघडली होती. पहिल्या मजल्याच्या वळणावर साठे खुर्ची घेऊन उभे होते. खाली बघत पुटपुटले, "बसा जरा. लिफ्ट नाही, पण खुर्ची आहे."

सर बसले. दम खाल्ला. मग विचारलं, "हिची वर्गणी किती?"

साठ्यांना हसावं की रडावं ते कळेना. खाली पोहोचल्यावर सरांनी वळून आपली गॅलरी पाहिली. "एवढं उंच होतं होय!" म्हणाले.

पानशेतच्या रस्त्याला, धरणाच्या मागच्या पाण्याशी आम्ही दिवसभर बसलो. मला चार बोटांची एक चिलापी लागली. मी ती ओढायला लागलो तसे सर शाळेतल्या आवाजात ओरडले, "सोडा! पळू दे! अहो, तिलाही थोडं फिरू द्या!" त्यांना स्वतःला काही लागलं नाही आणि त्याची त्यांना खंतही नव्हती. कोथिंबीर खालून वर ओढणारा हात आता पाण्यावर लांब दोर फेकत होता, एवढंच त्यांना पुरेसं वाटत असावं.

ऊन उतरलं तशी शमीमभाभी आणि ट्रंक घेऊन मागे गाडी थांबली. "अब्बा, चला," नसरीनने हाक मारली. सर दोर गुंडाळायला लागले आणि रॉड वाकला. मासा नव्हता, गळ तळाशी कशात तरी रुतला होता. इकडून ओढला, तिकडून ओढला, पण सुटेना. मी पाण्यात उतरायला निघालो, तर सरांनी मला हाताने थांबवलं, खिशातून नेलकटर काढलं आणि दोर कट्‌कन कापला.

"सर," मी म्हणालो, "दोर तर माझ्यापेक्षा महाग होता!"

"अजूनही आहे," ते रॉडचे दोन तुकडे वेगळे करत म्हणाले. "पण वर गॅलरीत आता माझं काहीच राहिलेलं नाही. खाली एक गळ तरी राहू दे."