देव दाराबाहेर

हे आत्ताच सांगते, नाहीतर चैन पडणार नाही. आज ऑफिसात उद्या येणाऱ्या कामगारांसाठी नव्या बुटांचं खोकं उघडलं आणि त्या चामड्याच्या वासाने पासष्ट सालचा आमचा बोईसरचा कारखाना आठवला. मी टायपिस्ट, पण नव्या कामगारांना सगळं समजावायचं कामही माझ्याच गळ्यात. डोंगरातल्या पाड्यावरून आलेल्या एका दादाला मी सकाळपासून बजावत होते, बुटाशिवाय मशीनपाशी जायचं नाही. तरी हा दारात बूट काढून अनवाणी आत शिरला. फोरमन ओरडला, "बूट नहीं पहनेगा तो घर जा." मी कपाळाला हात लावला. दादा म्हणाला, "आत देव हाय ना ताई, उदबत्ती जळतेय. देवापुढं बूट घालून आमी नाय जात." मशीनवरचा देवाचा तो फोटो फोरमननेच लावलेला. पहिल्याच दिवशी याची नोकरी जायला नको, म्हणून मी फोटो काढून दाराबाहेर टांगला. "आता देव बाहेर हाय, दादा. घाला बूट." त्याने घातले, नोकरी वाचली. पण दुसऱ्या दिवशी सगळेच कामगार बाहेर बूट काढून फोटोच्या पाया पडायला लागले, भोंगा वाजून गेला तरी नाड्या बांधणं चालूच, आणि फोरमनची बोलणी मला. आता इथेही उद्या नवे लोक येणार, समजावणार मीच. तुमचंही कधी असं झालंय का, एकाची सोय करायला जावं आणि सगळा कारखाना दारात अडकावा?