भाऊजींनी भरलेली फ्रँचायझी फी

मित्रांनो, ताईला घरी सोडून आत्ताच आलोय. मन लागत नाहीये म्हणून लिहितोय.

माझे भाऊजी मार्केटमध्ये माथाडी होते. ओझी उचलून कंबर गेली, तेव्हा त्यांनी करंजाडेला चहाचं दुकान टाकायचं ठरवलं. एका चहावाल्या कंपनीची फ्रँचायझी घेतली, फी भरली. दुकानासाठी गाळा बघत होते, तेवढ्यात हार्ट अटॅकने गेले.

आज ताईला घेऊन त्या कंपनीच्या वाशीच्या ऑफिसात गेलो होतो. दुकान उघडलंच नाही, तर फी परत द्या, एवढंच आमचं मागणं होतं.

तिथला मॅनेजर वाईट नव्हता. त्याने ताईला पाणी दिलं आणि खाली बघत म्हणाला, "फी परत नाही मिळत, ताई. त्यांचं ट्रेनिंग पूर्ण झालं होतं."

मी वाद घालायला लागलो. ताईने माझा हात धरला आणि त्याला विचारलं, "ह्यांना जमत होतं का ओ?"

"एकदम मस्त. ट्रेनिंगच्या शेवटच्या दिवशी सगळ्या स्टाफला त्यांनीच चहा पाजला."

"घरी कधी गॅससुद्धा पेटवला नाही त्यांनी," ताई म्हणाली. "मला एकदाही नाही पाजला."

भाऊजी गेल्यापासून आज पहिल्यांदा ती रडली.

तुमच्यापैकी कुणाला अशी फी परत मिळालीय का? वकील करावा, की सोडून द्यावं? आणि फ्रँचायझी घेणाऱ्यांनो, सही करण्याआधी एवढं नक्की विचारा, उद्या माणूसच राहिला नाही तर काय?